वाचकांचे प्रश्न : मेजर पुश्काश

प्रश्न : माझा नातू रोज रात्री मोबाइलवर फुटबॉलमधले ‘पुस्कास पुरस्कार’ मिळालेले गोल पाहतो आणि मलाही शेजारी बसवून दाखवतो. हे पुस्कास कोण, असे विचारले तर ‘कुणीतरी जुना खेळाडू’ एवढेच उत्तर मिळते. आमच्या पिढीच्या कानावर इंदुरात क्रिकेटखेरीज फारसे काही पडले नाही. कृपया सविस्तर लिहावे.
— एक निवृत्त शिक्षिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी उच्चार नीट करून घेऊ. रोमन लिपीतल्या एकट्या ‘एस’चा उच्चार हंगेरियन भाषेत ‘श’ असा होतो, त्यामुळे हे गृहस्थ पुस्कास नसून पुश्काश. आणि तिकडे आडनाव आधी लावतात म्हणून मायदेशी ते ‘पुश्काश फेरेन्त्स’. ‘पुश्का’ म्हणजे बंदूक, तेव्हा पुश्काश म्हणजे बंदूकवाला. आपल्याकडच्या ‘तोफखाने’ आडनावाच्या जवळपासचे. मौज अशी की हे आडनाव पिढीजात नव्हे. घराण्याचे मूळचे जर्मन वळणाचे आडनाव 1937 मध्ये, म्हणजे मुलगा दहा वर्षांचा असताना, बदलून घेतलेले होते, आणि पुढे या मुलाचा डावा पाय खरोखरच बंदुकीसारखा चालला.

जन्म एप्रिल 1927 मधला, बुडापेस्टचा; बालपण गेले ते शहराला लागून असलेल्या किशपेश्त या वस्तीत. वडील तिथल्याच क्लबात आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक होते. शेजारच्या घरात योझेफ बोझिक नावाचा मुलगा राहत असे. या शेजाऱ्याचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या उत्तरात त्याचे काम आहे. नोंदणीसाठी वय कमी पडत होते म्हणून पुश्काश सुरुवातीला खोट्या नावाने खेळला, आणि 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, किशपेश्तच्या मुख्य संघात आला. बांधा ठेंगणा आणि गुबगुबीत, डोक्याने मारलेले गोल मोजके, उजवा पाय जवळजवळ उभे राहण्यापुरताच. तरीही 1945 ते 1956 या काळात त्याने हंगेरीकडून 85 सामन्यांत 84 गोल केले. युरोपातल्या पुरुष खेळाडूंमधला हा विक्रम 2018 च्या विश्वचषकात क्रिस्तियानो रोनाल्डोने मागे टाकेपर्यंत टिकला.

आपल्या नातवाला मात्र आकड्यांपेक्षा एक गोल दाखवावा. 25 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला 6-3 असे हरवले. तोवर ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने इंग्लंडला त्याच्या घरी हरवलेले नव्हते. पूर्वार्धात पुश्काशला उजव्या बाजूने चेंडू मिळाला, तेव्हा तो गोलच्या अगदी जवळ, पण अडचणीच्या कोनात उभा होता, आणि इंग्लंडचा कर्णधार बिली राइट चेंडू हिसकावण्यासाठी घसरत त्याच्या अंगावर आला. पुश्काशने डाव्या बुटाचा तळ चेंडूवर ठेवून तो एका झटक्यात मागे ओढला. राइट जिथे चेंडू असायला हवा होता तिथे पोहोचला आणि तसाच पुढे निघून गेला; तोवर त्याच डाव्या पायाने मारलेला चेंडू जवळच्या खांबाच्या आतून जाळ्यात शिरलाही होता. भलत्याच आगीकडे धावणारा बंब अशी राइटची उपमा ‘टाइम्स’च्या वार्ताहराने दिली, ती आजही सांगितली जाते. या गोलची कृष्णधवल चित्रफीत सहज सापडते. ही युक्ती प्रस्तुत लेखकाने चाळिशीत असताना गच्चीवर करून पाहिली होती. चेंडू जागीच राहिला आणि लेखक मागे गेला.

राहता राहिला पुरस्कार. वर्षातल्या सर्वांत देखण्या गोलसाठी ‘फिफा’ ही फुटबॉलची जागतिक संघटना तो 2009 पासून देते, आणि पहिला मान रोनाल्डोलाच मिळाला होता.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. पुश्काश हा हंगेरीच्या सैन्यात मेजर होता आणि परदेशी गेल्यावर परतला नाही, असे वाचले. आमच्या भाषेत याला पळपुटा म्हणतात. मग त्याच्या देशाने त्याला एवढा मान का दिला?
— एक वाचक, महू

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून त्या मेजरपणापासूनच सुरुवात करावी लागेल. 1949 मध्ये हंगेरीच्या साम्यवादी सरकारने क्लब ताब्यात घेतले, तेव्हा किशपेश्तचा क्लब संरक्षण खात्याकडे गेला आणि त्याचे नाव होनवेद, म्हणजे ‘स्वदेशरक्षक’, असे झाले. राष्ट्रीय संघाचे शिल्पकार गुस्ताव शेबेश यांना आपले बहुतेक खेळाडू एकाच ठिकाणी, रोज एकमेकांसोबत खेळताना हवे होते, आणि सैन्यभरती हा त्याचा सोपा मार्ग होता. शान्दोर कोचिश आणि झोल्तान त्सिबोर हे दुसऱ्या क्लबातले आघाडीचे खेळाडू होनवेदमध्ये आले ते असे. खेळाडूंना हुद्दे मिळाले. पुश्काश मेजर झाला आणि इंग्रजांनी त्याला ‘दौडता मेजर’ म्हणायला सुरुवात केली. आपल्या वाचकांना हे अनोळखी वाटू नये. होळकर दरबाराने सी. के. नायडूंना इंदुरात आणले आणि सैन्यात हुद्दा दिला, म्हणून ते जन्मभर ‘कर्नल नायडू’ राहिले. फरक इतकाच की इथे तो एका राजाचा षौक होता, तिथे सरकारी धोरण होते.

1956 च्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होनवेदचा संघ तेव्हा युरोपियन चषकासाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, परदेशात होता. बिल्बाओ या स्पॅनिश क्लबाविरुद्धचा पहिला सामना स्पेनमध्ये झाला. दुसरा घरच्या मैदानावर व्हायचा, तो ब्रुसेल्समध्ये खेळावा लागला, आणि एकूण एका गोलच्या फरकाने संघ बाहेर पडला. मधल्या काळात पुश्काश मारला गेल्याची बातमीही पसरली होती. त्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल महासंघाचा विरोध न जुमानता संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला आणि परत युरोपात आल्यावर फुटला. बोझिक मायदेशी परतला. कोचिश आणि त्सिबोर पुढे बार्सिलोनात गेले. पुश्काशची पत्नी आणि लहान मुलगी तोवर सीमा ओलांडून आल्या होत्या. तो परतला नाही, आणि ‘फिफा’ने त्याच्यावर बंदी घातली.

ही बंदी संपली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, वजन भलतेच वाढलेले होते आणि हा माणूस आता संपला असे बहुतेक क्लबांचे मत झाले होते. रिअल माद्रिदने त्याला 1958 मध्ये घेतले. माझ्या मते त्याची खरी थोरवी या दुसऱ्या डावातच दिसते. हंगेरीच्या साखळीत तो चार वेळा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. स्पेनमध्येही तो चार वेळा ठरला, आणि तेही तिशी ओलांडल्यानंतर. स्पॅनिश साखळीतल्या 180 सामन्यांत त्याचे 156 गोल आहेत. 1960 च्या मे महिन्यात ग्लासगोला सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर माद्रिदने युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात फ्रँकफर्टला 7-3 असे हरवले, तेव्हा सातांपैकी चार गोल पुश्काशचे आणि तीन त्याचा सहकारी डी स्टेफानो याचे होते. दोन वर्षांनी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने मध्यंतरापूर्वीच हॅट्ट्रिक केली, आणि माद्रिद तरीही 5-3 असे हरले.

आता आपला मूळ आक्षेप. ज्या हुद्द्यामागे पलटण नव्हती, फक्त चेंडू होता, त्या हुद्द्याच्या माणसाला पळपुटा म्हणणे मला जड वाटते. ज्या सरकारने त्याचा क्लबच न विचारता सैन्यात घातला, त्याचाही यात वाटा आहे. त्याला बंडखोर वीर ठरवणेही तितकेच चूक होईल. राजकारणात त्याला रस नव्हता, त्याला खेळायचे होते आणि घरच्यांना सांभाळायचे होते. सैनिकी शिस्तीला हे पटणार नाही, हे मान्य आहे. खुद्द हंगेरीलाही ते पटायला पाव शतक लागले : 1981 मध्ये तो पहिल्यांदा मायदेशी येऊ शकला, राजवट बदलल्यावर तिथे स्थायिक झाला, आणि 1993 मध्ये थोडा काळ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही होता. 17 नोव्हेंबर 2006 रोजी तो वारला, तेव्हा त्याला बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात पुरण्यात आले. राजधानीतल्या राष्ट्रीय मैदानाला पुश्काशचे नाव आहे, आणि किशपेश्तच्या मैदानाला, परत गेलेल्या बोझिकचे.

प्रश्न : 1954 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुश्काशचा शेवटचा गोल खरोखर ऑफसाइड होता का?
— एक विद्यार्थी, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : चेंडू पुढे दिला जाताना खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीच्या पलीकडे उभा असेल तर तो ऑफसाइड, आणि त्याचा गोल धरत नाहीत. इथे तसे होते का, हे उपलब्ध चित्रीकरणावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. बर्नमध्ये 4 जुलै रोजी हंगेरीने आठ मिनिटांत पश्चिम जर्मनीवर 2-0 अशी आघाडी घेतली, त्यातला पहिला गोल पुश्काशचा. मग जर्मनीने तीन गोल केले, आणि अखेरच्या मिनिटांत पुश्काशने साधलेली बरोबरी वेल्सच्या रेषापंचाने निशाण दाखवल्याने रद्द झाली. मला त्या निशाणापेक्षा दुसरा निर्णय अधिक खटकतो. याच जर्मनीला त्या स्पर्धेच्या साखळी फेरीत 8-3 असे हरवताना कर्णधार पुश्काशचा घोटा दुखावला होता आणि त्याच्याविना हंगेरीने ब्राझील व उरुग्वे या दोघांनाही नमवले होते. असे असताना पुरता बरा न झालेला कर्णधार अंतिम सामन्यात उतरवला गेला, आणि त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती.

प्रश्न : तो स्पेनकडूनही खेळला म्हणतात. तिथे किती गोल केले?
— तोच विद्यार्थी

उत्तर : नागरिकत्व बदलल्यावर दुसऱ्या देशाकडून खेळण्याला तेव्हा आडकाठी नव्हती, म्हणून 1962 च्या चिलीतल्या विश्वचषकात तो स्पेनच्या संघात होता. स्पेनकडून एकूण चार सामने खेळला, आणि गोल एकही नाही.