खून-रहस्य आणि महाविनाशानंतरची विज्ञानकथा एकत्र कशी गुंफावी? कथा विदर्भातल्या खेड्यात घडते.

खुनाचं कारण त्या उद्ध्वस्त जगातूनच यायला हवं. भावकीच्या वादातला खून आजही होतोच, त्यासाठी जग बुडवायची गरज नाही.

उदाहरणार्थ बियाणं. २००२ साली बीटी कापसाला (बोंडअळीविरुद्ध जनुक बदललेल्या कापसाला) परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भाची शेतं त्याच्या संकरित वाणांनी भरली. संकरित पिकाचं बी घरी राखून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही. म्हणजे कंपन्या, कृषी केंद्रं, रस्ते सगळं संपल्यावर जिच्या घरी गावरान कापसाची सरकी असेल ती म्हातारी गावातली सगळ्यात श्रीमंत. मे महिन्यात तिचा खून होतो. कणगीतली ज्वारी जागच्या जागी, फक्त सरकीचं गाडगं गायब. भुकेपोटी झालेला खून नाही, हे वाचकाला तिथेच कळावं.

तपास पोलीस पाटलाकडे द्या. ठाणं उरलेलं नाही, फोन नाही, प्रयोगशाळा नाही. पण गावात कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला पाठ असतं. (डीएनए चाचणी आपोआप बाद होते, लेखकाची मोठीच सोय.)

उलगडा पावसाळ्यात. देशी कापसाचं पान अरुंद, खोलवर कापलेलं असतं, संकरिताचं रुंद. चोरलेलं बी पेरावंच लागतं, आणि उगवलेलं लपवता येत नाही. मात्र पानांमधला हा फरक पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच सहज बोलण्यात येऊ द्या, नाहीतर वाचक फसवल्याची तक्रार करेल. जग कशानं बुडालं, ते दोन ओळींत उरका.