एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला लागताना

आता तीन वर्षं वॉर्ड हेच तुझं घर. पुस्तकं लागतीलच, पण मेडिसिन अंगात मुरतं ते खाटेशेजारी उभं राहूनच.

इमर्जन्सीच्या दिवशी कीटकनाशक प्यायलेला पेशंट येईलच. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना उग्र वास. कपडे काढून अंग धुवायला सांग, पण ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, त्यासाठी थांबवू नकोस. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करायचा आणि प्रत्येक वेळी स्टेथो छातीवर ठेवायचा. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नकोस. छातीतली खरखर जायला हवी, नाडी आणि बीपी सावरायला हवं. माझ्या पहिल्या अशा रात्री मी नुसत्या बाहुल्याच बघत होते. सिस्टरांनी माझा हात धरून छातीकडे नेला. त्यांची मी आजही ऋणी आहे.

थिसिसला आपल्याच वॉर्डात भरपूर येणारा आजार घे, नाहीतर केसेस जमता जमत नाहीत. या कोर्समध्ये जिल्हा रुग्णालयात काढायचे तीन महिने सुट्टी समजू नकोस. हरेक तपासणी हाताशी नसते, तिथेच कान तयार होतात.

आणि वाईट बातमी सांगायची असेल तेव्हा स्टूल ओढून नातेवाइकांसमोर बस. उभ्याउभ्या सांगू नकोस.