आगर मोडू नका, शिंपणं कमी करा

गुहागरला पंधरा गुंठ्यांचं आगर, त्यात माड, पोफळी, चार हापूसची कलमं, ओटीपुढे कुंड्या, आणि आता वाकलं की गुडघे दुखतात. निम्मं तोडून फरशी घालावी का, असं तुम्ही विचारलंत. फरशी अजिबात घालू नका. पावसात तिच्यावर शेवाळ धरतं, आणि या वयात घसरून पडणं फार महागात जातं.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे माणूस खरा दमतो तो फेब्रुवारी ते मे शिंपण्यात. म्हणून पहिला खर्च ठिबकवर करा. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर पाणी पुरतं. प्लंबरला एकच गोष्ट बजावून सांगा: सगळ्या चाव्या आणि फिल्टर एका जागी, कंबरेच्या उंचीवर बसव. बहुतेक जण त्या जमिनीलगत बसवून जातात आणि मग पाणी सोडायला रोज वाकावं लागतं.

दुसरं काम ऑक्टोबरात, जमिनीत ओल असताना. आळ्यात नारळाची सोडणं पसरा, पालथी. उताणी ठेवलीत तर वळवाच्या पावसाचं पाणी साचून डास होतात. वर झावळ्यांचे तुकडे आणि पातेरा टाका. ओल टिकते, तण दबतं, शिवाय पातेरा गोळा करून जाळायचं कामही वाचतं. बुंध्यापासून मात्र वीतभर मोकळं सोडा, नाहीतर वाळवी चढते. आणि सोडणांचा ढीग पायरीजवळ किंवा वाटेकडेला नको. फुरसं, म्हणजे विषारी साप, अशाच जागी बसतं. अंधारात विजेरीशिवाय आगरात जाऊच नका.

गवत मुळासकट उपटत बसायची गरज नाही. गणपतीच्या आधी, बी धरण्यापूर्वी, माणूस लावून ग्रासकटरने कापून घ्या आणि कापलेलं तिथेच पडू द्या.

कुंड्या कमी करा, याबद्दल माझं मत ठाम आहे. गुलाब आणि हंगामी फुलं रोज हात मागतात. त्याऐवजी जास्वंद, तगर, अनंत जमिनीत लावा, देवाला फुलं मिळतात. नवीन झाड लावायचंच तर कोकम लावा. पहिली दोन-तीन वर्षं सांभाळलं की त्याला उन्हाळ्यात पाणी लागत नाही. हौसेने मिरीचा वेल माडावर चढवलात तर काढायला शिडी आली. त्याऐवजी आडव्या फांदीपासून केलेलं झुडूप मिरीचं रोप घ्या, उभ्याने घोस खुडता येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात रोपांची चौकशी करा.

पोफळीला पाण्याचा ताण सोसत नाही. मेल्या पोफळीच्या जागी नवी लावू नका, एवढंच. उभी झाडं तोडायचं पाप नको.

कलमं करारावर द्यायला हरकत नाही, पण लिहून घ्या. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे मोहोर यावा म्हणून मुळाशी घालतात ते औषध, किती घालणार, घालणार की नाही, हे कागदावर हवं. जास्त मात्रा वर्षानुवर्षं पडली की कलम खचतं आणि करार संपल्यावर ते तुमच्या गळ्यात. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याचीही आधीच बोली करून ठेवा, ऐन वेळी तो मिळत नाही.

माड किती आहेत आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं ते कळवा, मग ठिबकच्या नळ्यांचा हिशोब करून देतो.