न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगची परमिटं कशी वाटली जातात?

तुमचा प्रश्न असा आहे : भाची यंदा न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्स भागातल्या सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून लागली. शाळेबाहेर शिक्षकांसाठी राखीव जागा आहेत, तिला परमिटही मिळालंय, तरी सकाळी जागा सापडत नाही. शेजारच्या शाळेला मात्र दुप्पट जागा आहेत. हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

मी 2005 पासून क्वीन्समध्येच गणित शिकवते. परमिट वाटपाचे तीन वेगवेगळे काळ मी पाहिले आहेत आणि त्यातल्या एका काळात वाटप करणाऱ्या समितीतही होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, परमिट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या खात्यांकडून येतात. जागा ठरते ती फुटपाथच्या कडेला वाहतूक खात्याने लावलेल्या पाटीवरून. ‘शाळेच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी चार पार्किंग नाही, शिक्षण खातं वगळून’ अशा अर्थाची ती पाटी असते. काही जुन्या पाट्यांवर अजून ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ असंच लिहिलेलं दिसेल. परमिट देतं ते शिक्षण खातं. ते म्हणजे अमुक एक जागा तुमची असा करार नव्हे. त्या पाटीखाली गाडी लावलीत तर दंड होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेजारच्या शाळेला दुप्पट जागा का, याचं उत्तर बहुतेक वेळा मुलांच्या किंवा शिक्षकांच्या संख्येत नसतं. ते फुटपाथच्या लांबीत असतं. मॅनहॅटनचं उदाहरण घ्या, तिथे हिशेब सोपा आहे. रस्त्यांच्या 1811 च्या आराखड्यानुसार तिथे दोन आडव्या रस्त्यांमध्ये साधारण 200 फुटांची बाजू मिळते. एका गाडीला पुढे-मागे हलवायच्या जागेसकट वीसेक फूट धरले तर कागदावर दहा गाड्या बसतात. पण वाटेत आगीच्या वेळी पाणी घ्यायचा हायड्रंट असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा फूट मोकळे ठेवायचे. मुख्य दारासमोर स्कूल बस थांबणार, तिथे कोणतंच परमिट चालत नाही, शिक्षकांचंही नाही. कोपऱ्यावर माणसं रस्ता ओलांडणार, तिथले काही फूट गेले. दहाच्या पाच-सहा कधी होतात कळतही नाही. ज्या शाळेची इमारत चारही बाजूंनी रस्त्याला लागून आहे तिला वीस जागा मिळतील आणि दुकानांच्या रांगेत दाटीवाटीने बसलेल्या शाळेला चार, मग तिथे शिक्षक दुप्पट का असेनात. शिवाय एखाद्या शाळेने तीस वर्षांपूर्वी अर्ज करून पाटी वाढवून घेतलेली असते, दुसरीने कधी विचारलेलंच नसतं.

या जागा एका शाळेकडून काढून दुसरीला देता येत नाहीत. वह्या-पुस्तकं, संगणक, पैसे, सगळं हलवता येतं, फुटपाथ हलत नाही. म्हणून ‘शहरभर शाळांमध्ये समान वाटप’ हा विचार कागदावर कितीही चांगला वाटला तरी या बाबतीत तो मुळातच लागू पडत नाही. आकड्याने समान करायचं म्हटलं तरी ते न्याय्य होईलच असं नाही. मॅनहॅटनच्या शाळेपासून भुयारी रेल्वेचं स्टेशन अनेकदा चालत पाच मिनिटांवर असतं. पूर्व क्वीन्सच्या कित्येक वस्त्यांपर्यंत ती रेल्वे पोचतच नाही आणि स्टॅटन आयलंड बेटावर तर शहराच्या भुयारी रेल्वेचा एकही फाटा नाही. सहा वाजताच्या थंडीत दोन बस बदलून येणाऱ्या शिक्षिकेची गरज आणि स्टेशनावरून चालत येणाऱ्याची गरज एकच कशी मानायची?

आता परमिटांकडे येते. 2008 च्या आधी शिक्षण खात्याची 63 हजारांहून जास्त परमिटं शहरात फिरत होती आणि राखीव जागा त्याच्या पासंगालाही नव्हत्या. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2008 मध्ये सगळ्याच सरकारी खात्यांच्या परमिटांना कात्री लावली. शाळांचा आकडा 11 हजारांच्या आसपास आणला गेला. तत्त्व साधं होतं : शाळेजवळ जितक्या जागा, तितकीच परमिटं. शिक्षकांमध्ये तेव्हा प्रचंड संताप होता, माझ्यातही होता. माझं स्वतःचं परमिट गेलं. पण दोनेक महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्या हातात परमिट आहे त्याला जागा मिळतेच आहे. आणि ज्याच्याकडे नाही त्याला ते आदल्या दिवशीच माहीत असल्यामुळे तो बसने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून येतो आहे. सकाळी चकरा मारणं थांबलं.

मुख्याध्यापकांच्या संघटनेने या कपातीविरुद्ध दाद मागितली. हा कामगार कराराचा भंग आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. मे 2017 मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात परमिटांची संख्या पुन्हा वाढवून 50 हजारांच्या घरात नेण्याचं ठरलं. गाडी असलेल्या कर्मचाऱ्याने मागितलं तर परमिट मिळू लागलं. जागा मात्र एकही वाढली नाही. पंगत पन्नास पानांची आणि आमंत्रणं अडीचशे, असा प्रकार झाला. अशा परमिटाला इथे ‘शिकारीचा परवाना’ म्हणतात. म्हणजे शोधायची मुभा आहे, सापडेल याची हमी नाही. तुमच्या भाचीचा त्रास नेमका हाच आहे. यात तिच्या शाळेने तिच्यावर काही अन्याय केलाय असं नाही.

मधल्या काळातली, 2008 ते 2017 मधली एक हकिकत सांगते, कारण वाटपातली खरी अडचण मला तेव्हा समजली. न्यूयॉर्कमध्ये एकाच इमारतीत दोन-तीन वेगवेगळ्या शाळा असणं नेहमीचं आहे. मुख्याध्यापक वेगळे, मजले वेगळे, फुटपाथ मात्र एक. आमच्या इमारतीत तीन शाळा होत्या. दोन जुन्या, साधारण साठ-साठ कर्मचाऱ्यांच्या. तिसरी नुकतीच सुरू झालेली, एकाच इयत्तेची, वीस जणांची. इमारतीची परमिटं दहा. कर्मचाऱ्यांच्या प्रमाणात वाटायची यावर सगळ्यांचं एकमत होतं.

प्रमाण काढलं तर 4.29, 4.29 आणि 1.43 येतात. परमिटाचे तुकडे होत नाहीत. म्हणून आधी पूर्णांक दिले : चार, चार, एक. उरलेलं एक ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला, म्हणजे छोट्या शाळेला. चार, चार, दोन. सगळे खूश.

पुढच्या वर्षी बसच्या थांब्याची हद्द थोडी सरकली आणि आणखी एक जागा मिळाली. आता परमिटं अकरा. त्याच पद्धतीने हिशेब केला : 4.71, 4.71 आणि 1.57. पूर्णांक पुन्हा चार, चार, एक. उरली दोन. ती मोठ्या अपूर्णांकांना, म्हणजे दोन्ही मोठ्या शाळांना. पाच, पाच, एक. एकूण परमिट वाढलं आणि छोट्या शाळेचं एक कमी झालं! कर्मचारी तेवढेच, पद्धत तीच, कुणाचीही लबाडी नाही. त्या शाळेतली एक तरुण शिक्षिका माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, “जागा वाढली, मग माझं परमिट का गेलं?” आणि गणिताची शिक्षिका असूनही मला तिच्या समाधानाचं उत्तर देता येईना.

घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की हे कोडं जुनंच आहे. 1880 च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 299 जागा धरल्या तर अलाबामा राज्याला आठ मिळत होत्या आणि 300 धरल्या तर सात. म्हणून त्याला अलाबामाचा विरोधाभास म्हणतात. अपूर्णांकांची तुलना करून उरलेलं वाटणारी पद्धत असा दगा देऊ शकते.

आम्ही काढलेला तोडगा असा होता. ज्या वाटणीबद्दल वाद नाही ती नऊ परमिटं कायमची ठरवली : चार, चार, एक. वरची दोन तीन शाळांमध्ये महिन्यामहिन्याने फिरती ठेवली. म्हणजे प्रत्येक शाळेला तीनपैकी दोन महिने जादा परमिट, एक महिना नाही. कुणाची पाळी कधी, याचं वर्षभराचं वेळापत्रक सप्टेंबरमध्येच स्टाफरूमच्या दारावर लावलं. त्यानंतर त्या इमारतीत परमिटावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. मोठ्या शाळांनी स्वतःहून एकेक महिना सोडला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

शाळेच्या आत कुणाला द्यायचं हा आणखी नाजूक भाग. आमच्याकडे पहिल्या वर्षी सेवाज्येष्ठतेने दिली. म्हणजे वीस वर्षं झालेले सहकारी, ज्यांच्यातले दोघं शाळेपासून दहा मिनिटांवर राहत, त्यांना परमिट, आणि शहराबाहेरून, वेस्टचेस्टरहून येणाऱ्या नव्या मुलीला नाही. दुसऱ्या वर्षी बदललं. आधी वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार करणारे थेरपिस्ट, जे एका दिवसात दोन-तीन शाळा करतात. त्यांना सकाळी दहाला जागा मिळाली नाही तर कुणातरी मुलाचा अर्ध्या तासाचा उपचार बुडतो. मग एका गाडीतून तिघं किंवा जास्त येत असतील ते. उरलेल्यांसाठी चिठ्ठ्या, त्याही दर सत्राला नव्याने. पहिल्या फेरीत मला काही मिळालं नाही. दुसऱ्या फेरीत मी आणखी दोघींबरोबर एका गाडीतून येऊ लागले, आणि त्या प्रवासात त्या दोघी माझ्या इथल्या सर्वांत जवळच्या मैत्रिणी झाल्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परमिटं जागांइतकीच असावीत, आणि खालची वाटणी त्या इमारतीतल्या माणसांनी समोरासमोर बसून करावी. प्रत्येकाला परमिट दिलं की वरच्यांची वाटणी करायची जबाबदारी संपते आणि वाटणी सुरू होते रस्त्यावर, रोज सकाळी साडेसहाला. तिथे लवकर येऊ शकणारा जिंकतो. लहान बाळाला पाळणाघरात सोडून येणारी आई रोज हरते. हे मला मान्य नाही. यावर माझ्याच संघटनेतले अनेक जण माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, परमिट हा कराराने मिळालेला हक्क आहे, तो सोडायचा नाही. हक्काची गोष्ट मला समजते. पण जागाच नसलेल्या हक्काचा उपयोग मला दिसत नाही.

कुणीतरी ‘मग शाळेच्या पटांगणात लावा गाड्या’ असंही सुचवेल. कित्येक शाळांत लावतातही. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. या शहरात मुलांना पळायला जागा आधीच कमी. 2007 पासून शहराने शेकडो शाळांची पटांगणं सुट्टीच्या वेळी आसपासच्या मुलांना खेळायला खुली करायची योजना राबवली, ती फार चांगली आहे. तिथे गाड्या उभ्या करणं म्हणजे मुलांच्या ताटातलं काढून घेणं.

शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. न्यूयॉर्कमध्ये रहिवाशांसाठी वेगळी परमिटं नाहीत. शाळेसमोर राहणाऱ्या म्हातारीला सकाळी सातच्या आत गाडी हलवावी लागते. चारनंतर, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत ती जागा तिची. शाळेच्या दिवशी दुपारी तीनलाच निम्म्या जागा रिकाम्या झाल्या तरी तिला तासभर थांबावं लागतं. अशा घरांशी ओळख ठेवलेली बरी. आमच्या शाळेत दर सप्टेंबरला समोरच्या घरांत शाळेच्या सुट्ट्यांची यादी नेऊन देतात.

भाचीने काय करावं, तर आधी एका सकाळी इमारतीभोवती चालत जाऊन पाट्या वाचाव्यात आणि जागा मोजाव्यात. हायड्रंटपाशी परमिट लावून गाडी ठेवू नये, तिथे 115 डॉलर दंड आहे आणि कोणतंही परमिट वाचवत नाही. मग शाळेतल्या शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधीला विचारावं की परमिटं किती दिली आहेत. दोन आकडे शेजारी ठेवले की रोज किती जण नाइलाजाने फिरणार आहेत ते दिसेल. पाटीच्या हद्दीबाहेर शाळेला लागून फुटपाथ रिकामा दिसला तर पाटी वाढवून मागण्यासाठी मुख्याध्यापकांकडून वाहतूक खात्याला पत्र जाऊ शकतं. वेळ लागतो, पण मागावं. आणि तिच्या बाजूने येणारं स्टाफमध्ये आणखी कोण आहे ते विचारायला सांगा. बहुतेक शाळांत एखादी तरी गाडी असते जिच्यात मागची सीट रिकामी येते.