पावसाळ्यात तानपुऱ्याची खुंटी घट्ट बसते, तेल घालू का?

तेल अजिबात नको. लाकूड ते पिऊन घेतं, मग खुंटी सटकते आणि तार सुरात टिकत नाही. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट, लाकूड फुगणारच. कोलशेतला खाडीजवळ आमच्याकडे दरवर्षीचं रडगाणं आहे.

तार सैल करा, खुंटी पिळत पिळत बाहेर ओढा. पक्कड लावू नका. घासणारा भाग चकचकीत काळपट दिसेल. तिथे कोरडा साबण अगदी हलका फिरवा, वर फळ्याचा खडू. साबण सरकवतो, खडू धरून ठेवतो. सटकलीच तर खडू वाढवा. पॉलिश पेपर मात्र नको, निमुळता आकार बिघडला की दुरुस्तीसाठी तंतुवाद्य कारागिरांच्या मिरजेची वारी ठरलेली (मी केलीये).

तानपुऱ्याला लाकडी खुंट्यांऐवजी गिटारच्या लोखंडी चाव्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालतो.