वापरलेल्या क्राऊन-पिनियनचा ठसा मॅन्युअलमधल्या चित्रासारखा का येत नाही?

तुमच्या वर्णनावरून एवढं कळलं: दुसऱ्या ॲक्सलमधून काढलेली क्राऊन-पिनियनची (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं) जोडी तुम्ही बसवलीत, बॅकलॅश (दोघांच्या दात्यांमधली मोकळी फट) ०.१५ मिमीवर आणलात, तरी मार्किंग पेस्टने दात्यांवर उमटणारा ठसा मध्यावर येत नाही आणि गाडी रेस केली की डिफरन्शियल ओरडतं.

ठसा मध्यावर येणारही नाही, आणि त्याच्या मागे लागू नका. मॅन्युअलमधलं चित्र नव्या जोडीचं असतं. तुमचे दाते जिथे एकमेकांवर घासत आले तिथे त्यांची आपली जागा तयार झाली आहे, आणि त्या जागेच्या कडेला बारीक पायरी उठलेली असते. चित्र जुळवायला तुम्ही पिनियन आतबाहेर केलंत की दाते त्या पायरीवर चढतात. बहुधा तुमचा आवाज तिथूनच येतोय. वापरलेल्या जोडीत काम एकच, ती पूर्वी जशी फिरत होती तशीच पुन्हा बसवायची.

म्हणून पुढच्या वेळी जुना ॲक्सल उघडण्याआधीच त्यातला बॅकलॅश डायल गेजने मोजून लिहून ठेवा. झिजलेल्या जोडीत तो ०.२५ मिमी निघाला तरी दचकू नका. तो ०.१५ वर ओढून आणला की क्राऊन आपल्या जागेवरून सरकला. पिनियनच्या डोक्यामागची शिमही (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) जपून ठेवा, पण ती फक्त सुरुवातीचा आकडा. हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं घर) बदललं की खोली थोडी बदलते. बेअरिंग नवं घातलंत तर जुन्या-नव्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा आणि फरक शिममध्ये भरून काढा. हे मोजमाप अनेक जण गाळतात. जुन्या ॲक्सलचा चंक (क्राऊन-पिनियन बसवलेला अख्खा भाग) तसाच निघून तुमच्यात बसत असेल तर मात्र हा सगळा खटाटोप विसरा आणि तो न उघडता तसाच बसवा.

मार्किंग पेस्ट लावल्यावर क्राऊनला फडक्याने थोडा अडसर देऊन पिनियन फिरवा; मोकळं फिरवल्यावर पडणारा ठसा फसवा असतो. ठसा माथ्याकडे की मुळाकडे हे मुख्यतः पिनियनच्या खोलीवर ठरतं: जाड शिमने तो मुळाकडे जातो, पातळने माथ्याकडे. आतलं-बाहेरचं टोक जास्त करून बॅकलॅशवर. ड्राइव्ह बाजूचा (रेस करताना दाब घेणारी दात्याची बाजू) ठसा जुन्या चकाकीवर बसला की थांबा. कोस्ट बाजू (पाय काढल्यावर दाब घेणारी) थोडी वाकडी राहिली तर मी ती तशीच सोडतो. बॅकलॅश क्राऊनच्या चार-पाच जागी मोजा. फरक ०.०५ मिमीच्या बराच पुढे गेला तर क्राऊनच्या बैठकीत कचरा आहे का बघा. आकडा नेहमी सर्वांत घट्ट जागेवर धरायचा.

प्रीलोड (बेअरिंग आवळल्यामुळे पिनियन फिरवायला लागणारा जोर) क्राऊन बाहेर असताना, पिनियन एकटं फिरवून मोजा. जुनी बेअरिंग असतील तर नव्याच्या साधारण निम्मा. क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून प्रीलोड ठरवणारी नळी) दर वेळी नवी. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून आकडा जुळवू नका, स्लीव्ह बदला. बेअरिंग कॅप डावी-उजवी अदलाबदल करायच्या नाहीत. आणि ४०:१० सारखी दात्यांची संख्या असेल तर तेच दाते पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा जोडीवर रंगाच्या खुणा असतील तर त्या जुळवाच. ४१:१० मध्ये ती भानगड नाही. पण दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर एकच आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा. नसेल तर वर सांगितलेलं काहीच कामाला येणार नाही.

बसवल्यावर आवाज फक्त रेस करताना आला तर पुन्हा ड्राइव्ह बाजूचा ठसा तपासा. पाय काढल्यावर आला तर आधी पिनियनचा प्रीलोड बघा. वळणावर बदलणारी घरघर बहुतेक वेळा चाकाच्या किंवा बाजूच्या बेअरिंगची असते, तिच्यासाठी क्राऊन-पिनियनला हात लावू नका.