शरीरात लोह जास्त झालं तर ते लघवीवाटे निघून का जात नाही?

कारण जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम जातं, तेही मुख्यतः झडलेल्या पेशींसोबत. म्हणून सगळी राखण अन्नातलं लोह आत शिरतं तिथे, आतड्यापाशी. यकृत हेप्सिडिन हे हार्मोन सोडतं आणि ते पेशींमधलं लोह रक्तात सोडणारं फेरोपोर्टिन नावाचं दारच मोडीत काढतं.

गंमत म्हणजे, हेप्सिडिनचं हे काम कळलं अपघाताने. २००१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी भलत्याच कारणासाठी एक जनुक बंद केलेले उंदीर तपासले, तर यकृत आणि स्वादुपिंडात लोहच लोह! शेजारचं हेप्सिडिनचं जनुकही गप्प झालं होतं.

आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्येही (शरीरात लोह साठत जाण्याचा आजार) बहुतेकदा हेप्सिडिनच कमी पडतं. उपाय मात्र अजून जुनाच, रक्त काढणं: ५०० मिलिलिटरमागे साधारण २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं.